बागाईतदाराच्या झोळीतील करवत

सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात बोरीची पाने झडली, की बागेतील मुख्य काम छाटणीचे. बोरीला फळ धरते ते त्या वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांवर. म्हणून उमराण, कडाका, मेहरूण यांपैकी कोणत्याही जातीची बाग असो, दर वर्षी जुने लाकूड काढल्यावाचून भागत नाही. डाळिंबाची तऱ्हा निराळी. मृग, हस्त की आंबे बहार धरावयाचा, त्यावर छाटणीचा महिना ठरतो. द्राक्षवेलीला एप्रिल व ऑक्टोबरच्या सुमारास अशी वर्षातून दोन वेळा कात्री लागते. या जिल्ह्यातील बागाईतदाराच्या हाती वर्षातील बरेच दिवस कापण्याचे हत्यार असते. तरीही रोप, खत किंवा औषध घेताना चार ठिकाणी चौकशी करणारा शेतकरी करवत घेताना दुकानदार जी पुढे करील ती उचलतो, आणि एका हंगामात तिचे दात बोथटले किंवा पाते वाकले, की ती छपराच्या वाशात खोचून पुन्हा कोयता हाती घेतो.

बागेचे पुढील नुकसान बऱ्याच अंशी येथूनच सुरू होते.

कोयता की करवत

अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या काडीला सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री पुरते. त्याहून जाड फांदी कात्रीत धरून दोन्ही हातांनी दाबली, तर काप होण्याऐवजी लाकूड चेंगरते व कात्रीचा सांधा ढिला होतो. मग कोयत्याचे काम येते. ऊसतोडणीला कोयता अद्वितीय आहे. पण उभ्या झाडाची फांदी काढावयास तो योग्य नव्हे. पहिला घाव हव्या त्या जागी बसतो, दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्या वर. फांदी सुटते ती उरलेल्या लाकडाची चीर व सालीची लांब पट्टी खोडावरून ओढून घेऊनच. अशी फाटलेली जखम लवकर भरून येत नाही. तिच्या सांदीत पाणी साचते, बुरशी शिरते, आणि खोडकिडा किंवा साल खाणारी अळी यांना आयती वाट मिळते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण बागेत वेगळ्या अर्थाने खरी ठरते. हत्यार चुकीचे असले, की धन्याच्याच हाताने झाडाला इजा होते.

डाळिंबाच्या झाडात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे एका झाडावर बहुधा तीन-चार खोडे राखण्याची पद्धत असल्यामुळे बुंध्यापाशी दाटी असते. त्यातच काटे. तेथे कोयता फिरवावयास जागा नसते. फिरविला, तर शेजारच्या निरोगी खोडाला घाव बसतो. चौकटीची मोठी करवतही आत शिरत नाही. अशा जागी अरुंद पात्याची, टोकाकडे निमुळती होत जाणारी लहान करवतच चालते. घडी घालून ती झोळीत, खिशात किंवा ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत राहते, म्हणून गरज पडेल तेव्हा ती हाताशी असते. हा गुण लहानसा वाटला तरी महत्त्वाचा आहे. घरी राहिलेल्या उत्तम करवतीपेक्षा जवळ असलेली साधी करवत अधिक कामाची. कारण वाळलेली किंवा रोगट फांदी दृष्टीस पडते ती बहुधा पाणी देताना किंवा फेरफटका मारताना, आणि ‘उद्या काढू’ म्हणून राहिलेली फांदी पुढे महिनाभर तशीच राहते.

पाते व दात

करवतीची लांबी ठरविण्यास एक सोपा आडाखा आहे. ज्या जाडीच्या फांद्या नेहमी कापावयाच्या, तिच्या निदान दुप्पट पात्याची लांबी असावी. कारण हात मागेपुढे जाण्याइतके पाते फांदीच्या बाहेर शिल्लक नसेल, तर भुसा खाचेतून बाहेर पडत नाही. तो दातांत दाटतो आणि करवत नुसती घासत राहते. डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या नेहमीच्या छाटणीत तीन-साडेतीन इंचांहून जाड फांदी क्वचितच काढावी लागते. तेव्हा सात ते आठ इंच, म्हणजे १८ ते २० सेंटीमीटर पात्याची घडीची करवत बहुतेक बागांना पुरते. पाच-सहा इंचांची करवत खिशात सुटसुटीत बसते, पण जुन्या बोरीच्या फांदीपुढे ती अपुरी पडते. उलट दहा इंचांहून लांब पाते घडीच्या मुठीत डगमगू लागते. तेवढी लांबी हवी असेल, तर घडीचा हव्यास सोडून म्यानातील अखंड करवत घ्यावी.

दुसरी गोष्ट दातांच्या दिशेची. सुताराची नेहमीची हातकरवत बहुधा पुढे ढकलताना कापते. म्हणून तिचे पाते जाड व ताठ ठेवावे लागते, नाहीतर जोर देताच ते वाकेल. छाटणीच्या करवतीचे दात मुठीकडे झुकलेले असतात आणि ती ओढताना कापते. ओढलेले पाते दोरीप्रमाणे ताणून सरळ राहते. त्यामुळे ते पातळ असले तरी चालते, खाच अरुंद पडते आणि श्रम कमी लागतात. जपानी कारागिरांच्या करवती याच तत्त्वावर चालतात, व आज जगभर बागेत वापरल्या जाणाऱ्या घडीच्या करवतींनी तेच तत्त्व उचलले आहे. ज्याचा हात सुतारी करवतीला सरावलेला आहे, तो प्रारंभी या करवतीवर पुढे जाताना जोर देतो व पाते मोडून बसतो. गड्याच्या हाती नवी करवत देण्यापूर्वी त्याला एवढी एक गोष्ट करून दाखवावी. तोंडी सांगून भागत नाही.

दातांची संख्याही पाहावी. ओल्या लाकडाचा भुसा ओलसर व चिकट असतो. तो वाहून नेण्यास दातांमधील खळगे खोल हवेत, म्हणून इंचाला पाच-सहा मोठे दात असलेली करवत हिरव्या फांदीवर भराभर चालते. वाळलेले लाकूड व बांबू यांना मात्र इंचाला आठ-दहा दात बरे. मोठा दात बांबूच्या सालपटात अडकून धागे उपसतो. ज्याला एकच करवत घ्यावयाची आहे, त्याने या दोहोंच्या मधली, इंचाला सातएक दातांची घ्यावी.

दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे किंचित वळविलेले असतात, त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते व पाते अडकत नाही. काही करवतींत दात न वळविता पाते पाठीकडे पातळ करीत नेलेले असते. त्यांचा काप रंधा मारल्यासारखा गुळगुळीत येतो. झाडाच्या दृष्टीने ही दुसरी रीत अधिक चांगली, मात्र चिकट लाकडात असे पाते लवकर धरले जाते.

अलीकडच्या पुष्कळ करवतींच्या दातांची टोके निळसर-काळी दिसतात. विजेच्या साहाय्याने क्षणभर प्रखर उष्णता देऊन ती टणक केलेली असतात. असे दात दीर्घकाळ तीक्ष्ण राहतात, पण बोथटल्यावर त्यांवर कानस चालत नाही. पातेच बदलावे लागते. म्हणून अशी करवत घेताना त्याच मापाचे सुटे पाते सोलापूर, पंढरपूर किंवा बार्शीच्या बाजारात मिळेल काय, हे आधी विचारावे. मिळत नसेल, तर साध्या पोलादाची, गावच्या सुताराकडून तिकोनी कानशीने धार लावून घेता येईल अशी करवत अधिक फायद्याची. महागडी वस्तू घेऊन एका पात्यासाठी पुण्या-मुंबईची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

खटका हा जिवाभावाचा

घडीच्या करवतीत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाते उघडे धरून ठेवणारा खटका, आणि विकत घेताना नेमके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पाते ओढताना खटका निकामी असला तरी पाते मिटत नाही. धोका असतो तो पाते खाचेत अडकले व कापणाऱ्याने ते सोडविण्यासाठी पुढे रेटले, त्या क्षणी. खटका सुटला, तर पाते बोटांवर मिटते. तर्जनी व मधले बोट मुठीच्या ज्या बाजूस असतात, त्याच बाजूच्या खोबणीत दात येऊन बसतात. करवतीची जखम चाकूसारखी सरळ नसते. ती फाटलेली असते, आणि बागेत ती मातीने भरते. अशा जखमेवर हळद किंवा चुना दाबून काम पुढे चालू ठेवू नये. ती स्वच्छ पाण्याने धुऊन, फडके घट्ट बांधून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

दुकानातच करवतीची परीक्षा करावी. पाते पूर्ण उघडून खटका ‘टक्’ असा बसला पाहिजे. मग मुठीची पाठ धरून, बोटे दातांच्या खोबणीबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच आपटावी. खटका सुटता कामा नये. पाते टोकाशी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खिळीपाशी नव्या करवतीतच ढिलाई जाणवली, तर ती पुढे वाढतच जाणार. खिळीच्या जागी आवळता येणारा स्क्रू असल्यास उत्तम. नुसती ठोकलेली खीळ ढिली झाली, की उपाय उरत नाही. मिटलेल्या स्थितीतही पाते अडकून राहिले पाहिजे, नाहीतर झोळीत हात घालताच दात लागतील. मूठ रबरी किंवा खडबडीत असावी. वैशाखात घामाने भिजलेल्या तळहातातून गुळगुळीत मूठ निसटते.

हत्यारांच्या दुकानांतून आणखी एक वस्तू ‘खिशातील करवत’ म्हणून दाखविली जाते. दोन कड्यांमध्ये ओवलेली दातेरी तार, असे तिचे रूप. गिर्यारोहकांच्या व सैनिकांच्या आपत्कालीन सामानात ती असते, आणि काडेपेटीएवढ्या डबीत मावते हे खरे. परंतु ती चालविण्यास दोन्ही हात लागतात, फांदी धरावयास तिसरा हात कोठून आणावा? जरा तिरपी ओढली की तार पिळते, तापते व तुटते. दुसरे काहीच जवळ नसताना कामी यावी, एवढीच तिची योग्यता. बागेसाठी तिच्यावर पैसा खर्च करू नये. विजेऱ्यांवर चालणाऱ्या लहान साखळीकरवती आता बाजारात आल्या आहेत. मोठ्या बागेत त्या वेळ वाचवितात, मात्र त्या झोळीतील हत्यार नव्हेत, आणि डोळ्यांना चष्मा व हातांत जाड मोजे यांवाचून गड्याच्या हाती देऊ नयेत.

फांदी कशी उतरावी

उत्तम करवतही चुकीच्या जागी चालविली, तर कोयत्याइतकीच अपायकारक ठरते. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे सालीची एक किंचित फुगीर वळी दिसते. काप या वळीच्या लगेच बाहेर घ्यावा. वळी कापून खोडाशी अगदी सपाट काप घेण्याची जुनी रीत दिसावयास सुबक असली, तरी तिने जखम मोठी होते व झाडाची संरक्षक पेशीरचनाच नाहीशी होते. अमेरिकेच्या वनविभागातील शास्त्रज्ञ अलेक्स शिगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो झाडे उभी चिरून ही गोष्ट सिद्ध केली. झाड प्राण्याप्रमाणे जखम बरी करीत नाही, तर कुजलेला भाग आतून भिंत घालून वेगळा पाडते, आणि ही भिंत घालण्याचे सामर्थ्य त्या वळीत असते, असे त्यांनी दाखविले. उलट बाजूने, बोटभर खुंट राखून कापणेही चूक. तो खुंट वाळतो, किडीचे घर होतो.

जड फांदी एका कापात कधीही उतरू नये. प्रथम खोडापासून वीतभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाने एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्यावा. नंतर त्याच्या दोन बोटे पुढे वरून कापून फांदीचे ओझे उतरवावे. राहिलेला हलका खुंट वळीच्या बाहेर सावकाश काढावा. असे केल्याने फांदी कोसळताना साल ओरबाडून नेत नाही. मोठ्या कापावर दहा टक्के बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करतात. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडाचे नसावे. आणि त्याच बादलीत करवत बुडवून ठेवण्याची चूक कोणी करू नये, मोरचूद पोलाद खाते.

करवतीबरोबर फिरणारा रोग

रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड १९९०च्या सुमारास जोडली गेल्यानंतर सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या कमी पावसाच्या तालुक्यांत डाळिंब व बोर यांनी माळरानाचे रूप पालटले. केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच काळात तेल्या रोगाने कित्येक बागा उजाड केल्या, हेही नमूद केले पाहिजे. तेल्या हा जीवाणूजन्य रोग आहे. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर, रोगट रोपांबरोबर व छाटणीच्या हत्यारांबरोबर तो पसरतो. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नाही, हत्यार आहे.

एक रोगट फांदी कापून तीच करवत न धुता पुढच्या झाडाला लावली, तर जीवाणू थेट ताज्या जखमेत पोहोचतो. तेथून तिसऱ्या झाडाला, चौथ्याला. सकाळी एका कोपऱ्यात असलेला रोग संध्याकाळपर्यंत ओळीच्या टोकाला जाऊ शकतो, आणि तो दिसू लागतो तेव्हा छाटणीचा दिवस कोणाच्या ध्यानातही नसतो. दोष मग हवेला व रोपवाटिकेला दिला जातो.

यावर उपाय स्वस्त आहे. सोडियम हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण करावे. बाटलीवर पाच टक्के लिहिले असल्यास एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालावे. प्रत्येक झाड झाल्यावर पात्यावरील भुसा व चीक आधी पुसून, मग पाते द्रावणात बुडवावे. घाण तशीच ठेवून बुडविल्यास औषध वरवर लागते. कडक उन्हात व भुशाच्या घाणीने द्रावणाचा जोर ओसरतो, तेव्हा ते सावलीत ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा नवे करावे. दोन करवती बाळगल्या, तर एक द्रावणात असताना दुसरी चालते व गड्याचा खोळंबा होत नाही. रोगट फांदी डागाच्या निदान दोन इंच खाली निरोगी लाकडात कापावी, काड्या बागेबाहेर नेऊन जाळाव्या, आणि झाडे ओली असताना छाटणी करू नये.

येथे घडीच्या करवतीचा एक दोष सांगितलाच पाहिजे. तिच्या सांध्यात व मुठीच्या खोबणीत चीक, भुसा व त्यांबरोबर जंतू लपून राहतात. पाते धुतले तरी मिटताच ते पुन्हा त्या घाणीत जाते. म्हणून जिची मूठ आरपार उघडी आहे व स्क्रू काढून पाते सुटे करता येते, अशीच घडीची करवत रोगाच्या प्रदेशात घ्यावी. छाटणी चालू असेतो तिची घडी घालू नये. मर रोगाने वाळलेले झाड काढावयाचे असल्यास त्यासाठी जुनी, वेगळी करवत राखावी आणि तिच्या मुठीला लाल रंग फासावा, म्हणजे चुकूनही ती निरोगी झाडाला लागणार नाही. मर रोगाची बुरशी मातीतून पसरतेच, पण दूषित हत्यारातूनही ती जाऊ शकते.

बागेबाहेर

घडीच्या करवतीचा उपयोग बागेपुरता नाही. वळवाच्या वादळात लिंबाची किंवा बाभळीची फांदी गाडीवाटेवर आडवी पडते, तेव्हा गावातून माणूस येईतो थांबण्याऐवजी पेटीतील करवतीने अर्ध्या घटकेत वाट मोकळी होते. विजेच्या तारेवर पडलेल्या फांदीला मात्र हात लावू नये, वीज कंपनीला कळवावे. गळितासाठी पाच-सहा महिने खोपी करून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना बांबू व मेढी मापात कापण्यास, आषाढीच्या वाटेवर माळशिरस तालुक्यातून जाणाऱ्या दिंड्यांना तंबूच्या खुंट्या करण्यास, मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांना वाघरीच्या खुंट्या व वाळके जळण काढण्यास ती कोयत्याहून सुरक्षित पडते. अंधारात व लहान मुलांच्या गर्दीत तर विशेषच. अशांनी बारीक दातांची घ्यावी.

हत्यार सोपे झाले म्हणून वाटेल ते झाड कापावे असे नव्हे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू असून आंबा, साग, चंदन यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर वाळकी काटकीही उचलू नये.

दिवसाचे काम संपल्यावर करवत साध्या पाण्याने धुवावी, कारण हायपोक्लोराइटही पोलादाला गंज चढविते. नंतर ती उन्हात कोरडी करून पात्याला व खिळीला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब द्यावेत. चीक घट्ट बसला असेल, तर रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या बोळ्याने दातांच्या उतारानेच पुसावा, उलट पुसू नये. पावसाळ्यात ती घडी करून ओलसर भिंतीला न टांगता तेलकट फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवावी, आणि हस्त बहाराच्या छाटणीआधी आठ दिवस बाहेर काढून खटका, खीळ व दात पाहून घ्यावेत, म्हणजे पाते बदलावयाचे असल्यास बाजाराचा एक वार हाती राहतो.